आधी फियाट द्या, मग मोटरसायकल घ्या

आमच्या घराशेजारच्या बोळात सात वर्षं एक फियाट उभी होती. १९८८ ची प्रीमियर पद्मिनी, रंग एके काळी पांढरा. २०१५ साली मी ती बत्तीस हजारांना घेतली, तीनेक वर्षं हौसेनं चालवली, २०१९ च्या उन्हाळ्यात 'पत्र्याचं थोडं काम आहे' म्हणून उघडली, आणि मग ती काही मिटली नाही. मी कागलला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. कोल्हापूरहून रोजचं जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, तेही स्कूटरवर. पावसाळ्यात त्या छोट्या चाकांनी हायवेचे खड्डे मोजून माझी कंबर बोलायला लागली, तेव्हा मोठ्या चाकाची मोटरसायकल घ्यायचं ठरलं. पण बोळ एकच आणि पगारही एकच.

ज्यांच्या दारात अशी अर्धी गाडी ताडपत्रीखाली आहे आणि ज्यांना जुनी मोटरसायकल घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं सांगणं असं की आधी विका, मग घ्या. जागा मोकळी होते आणि पैसे हातात येतात, ते तर आहेच. पण आपली गाडी विकायला काढली की काय काय लपवावंसं वाटतं ते आपलं आपल्याला कळतं. मग दुसऱ्याची गाडी बघायला जाताना वेगळी यादी करावी लागत नाही.

जाहिरात लिहायला बसले तेव्हा

पहिली जाहिरात मी अशी लिहिली होती: 'इंजिन चालू. किरकोळ पत्र्याचं काम बाकी. कागदपत्रं क्लिअर.' लिहून झाल्यावर चहा घेतला आणि वहीच्या दुसऱ्या पानावर प्रत्येक वाक्यासमोर खरं काय ते लिहिलं.

इंजिन चालू होतं, खोटं नव्हतं. शिवाजी उद्यमनगरात ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकले होते, बिलं होती. पण गरम झाल्यावर आयडलिंगला ऑइलचं प्रेशर कमी असल्याचा लाल दिवा लुकलुकायचा, ते मी लिहिलं नव्हतं. 'किरकोळ पत्रा' म्हणजे ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढं भोक होतं, त्यातून बोळातली फरशी दिसायची. आणि कागदपत्रं क्लिअर होती ती फक्त आणखी चार महिने. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. माझ्या गाडीची मुदत मार्च २०२३ ला संपत होती आणि मी डिसेंबर २०२२ मध्ये जाहिरात लिहीत होते.

यात सगळ्यात महाग पडतं ते तिसरं. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत नेऊन निरीक्षकाला दाखवावी लागते, आणि ब्रेक नसलेली गाडी काय दाखवणार? शिवाय १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं, उशीर झाला तर दर महिन्याला वर पाचशे. वीस वर्षांवरच्या गाड्यांना ते २०२५ मध्ये आणखी वाढलं. म्हणून अर्धवट गाडी द्यायचं मनात असेल तर आज उठून आधी आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र बघा, किती महिने राहिलेत ते. पत्रा कुजतो तो हळूहळू. आरसी एका रात्रीत संपते.

'विंटेज आहे, भाव येईल' असं सांगणारे दहा जण भेटतात. त्यांचं ऐकू नका. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंद व्हायला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जास्त झालेली असावी लागतात. माझी फियाट त्या रांगेत २०३८ साली उभी राहिली असती, तीही त्या फरशी दाखवणाऱ्या भोकासकट.

खर्चाची वहीही बाजूला ठेवा. मी त्या गाडीवर एक लाख चौदा हजार घातले होते, घेतल्याचे पैसे वेगळे. घेणाऱ्याचा त्या आकड्याशी काहीही संबंध नसतो. पहिल्या दोन माणसांना मी ती वही उघडून दाखवली. दोघांनी सहानुभूती दाखवली, चहा घेतला आणि गेले.

तुकड्यातली गाडी विकायची कशी

रंग मारू नका. ताजा रंग बघितला की जाणकार पहिल्यांदा चुंबक काढतो, पुट्टी किती आहे ते बघायला. मी उलट केलं: ताडपत्री काढून गाडी धुतली आणि कुजलेल्या जागांचे फोटो सगळ्यात आधी टाकले. फोनवर फालतू चौकशा निम्म्यानं कमी झाल्या.

किंमत वाढवायची असेल तर वाढते ती सुटे भाग पूर्ण असल्यानं. अर्धवट गाडी घेणाऱ्याला सगळ्यात मोठी धास्ती असते, 'यातलं काय हरवलंय?' म्हणून मी दोन रविवार घालवले. बिस्किटाचे डबे, दुधाच्या पिशव्या, माळ्यावरची पोती, सगळं उतरवलं. दाराचे बिजागर, काचा, बंपर, मडगार्डचे बोल्ट, पुढचा किंगपिनचा सेट, मागच्या पाट्यांचे बुश. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाकली: कुठला भाग, नवा की जुना, कुठल्या बाजूचा. फियाटचे पार्ट शोधायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चकरा मारलेल्या माणसाला अशा चिठ्ठीची किंमत कळते. हे काम गाडी उघडताना केलं असतं तर दोन रविवार वाचले असते, पण उघडताना माणूस महिन्याभरात मिटायचंच म्हणून उघडतो.

गिऱ्हाईक तीन प्रकारचं येतं. पहिलं हौशी: 'माझ्या काकांची होती, असाच स्टिअरिंगला गिअर होता', आत बसतं, दार लावून बघतं, डोळे पाणावतात, परत येत नाही. दुसरं भंगारवालं: गाडीकडे बघतसुद्धा नाही, नऊशे किलोचा हिशोब करतं. तिसरं माणूस गुडघ्यावर बसतं आणि टॉर्च लावून खाली बघतं. हा खरा. माझ्याकडे गडहिंग्लजचा एक तरुण आला, स्वतःचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज असलेला. वीस मिनिटं तो गाडीखालीच होता. बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, फोटोत दाखवलाय त्यापेक्षा पत्रा बरा हाय की." त्याच क्षणी मला कळलं, गाडी गेली. एकसष्ट हजारांना गेली.

भंगारवाल्याबद्दल एक. त्याला द्यायची तर नुसती वजनावर देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' घ्या, आणि आरटीओतून नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. नाहीतर तुमच्या चेसिस नंबराचा तुकडा दुसऱ्याच गाडीला लागून कुठे फिरेल ते सांगता येत नाही. ते सर्टिफिकेट नवी गाडी घेताना करात सवलतीसाठीही चालतं.

आता कागद. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला आपल्याकडे 'टीटी फॉर्म' म्हणतात ते म्हणजे फॉर्म २९ आणि ३०. २९ ची दोन प्रतींत सूचना विकणाऱ्यानं द्यायची, ३० चा अर्ज दोघांचा. कायद्यानं विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात चौदा दिवस आणि घेणाऱ्याला तीस दिवस मिळतात. आता बरंचसं परिवहनच्या संकेतस्थळावर होतं, मोबाइलवर ओटीपी येतो. इथेच पुष्कळांचं अडतं, कारण 'वाहन' या सरकारी यादीतल्या नोंदीत दहा वर्षांपूर्वीचा बंद पडलेला नंबर असतो. तो आधी बदलून घ्या.

विमा आणि पीयूसी चालू लागतो. माझ्या गाडीला ब्रेक नव्हते, सीट नव्हती, पण इंजिन होतं. मग काय, टोइंगच्या गाडीवर चढवून पीयूसी सेंटरला नेली आणि ट्रॉलीवरच स्टार्ट केली. पीयूसीवाला सायलेन्सरात नळी घालायला स्टुलावर चढला. रस्त्यावरच्या पोरांनी व्हिडिओ काढला. सर्टिफिकेट मात्र रीतसर मिळालं.

कोऱ्या टीटीवर सही करून एजंटाच्या हातात देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या नजरेत मालक तोच. गाडी आधीच विकली होती एवढं सांगून अपघाताच्या भरपाईतून सुटता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलंय. विक्रीपत्रावर तारखेबरोबर वेळही लिहा. मी 'सायंकाळी ५.४०' असं लिहिलं. घेणाऱ्याच्या आधारची प्रत घेताना तिच्यावर तिरपं 'फक्त वाहन हस्तांतरणासाठी' लिहा, तुमची देतानाही तेच. चालत्या मोटारीला फास्टॅग असेल तर तो त्याच दिवशी बंद करा. आणि महिन्याभरानं एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून मालकाच्या जागी आपलं नाव नाही ना, ते बघा. तोवर गाडी विकली असं मी धरत नाही.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी, मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस गाजला, सगळीकडे फोटो. 'थांबायचं होतंस, भाव वाढला असता,' असं मला सहा जणांनी सांगितलं. त्यातल्या एकानंही आधी कधी ती घ्यायची तयारी दाखवली नव्हती.

आता मोटरसायकल: जाहिरात उलटी वाचायची

स्वतः जाहिरात लिहिलेली असल्यानं दुसऱ्यांच्या जाहिराती मला वेगळ्याच दिसायला लागल्या. 'इंजिनला पाना लागलेला नाही' म्हणजे व्हॉल्व्हचे टॅपेटसुद्धा कधी सेट केलेले नाहीत. 'फक्त बॅटरी बदलायची' म्हणजे बॅटरी बदलून बघितलीय, तरी चार्जिंग होत नाही. 'सिंगल हँड' म्हणजे आरसीवर एक नाव आहे, चालवणारे चार असतील. 'अर्जंट सेल' असेल तर आधी ई-चलानं बघा. आणि फोटोत गाडी ओली असेल तर ती नुकतीच धुतलीय, म्हणजे तेल कुठून गळतं ते दिसणार नाही.

जायच्या आधी नंबर मागा. द्यायला कां-कू केली तर तिथंच थांबा. एमपरिवहनवर नोंदणीची तारीख, मालक कितवा, विमा, पीयूसी, आणि कर्जाची नोंद दिसते. कर्ज फेडलंय पण आरसीवर एचपी, म्हणजे कर्जाच्या तारणाची नोंद, तशीच आहे, अशा गाड्या ढिगानं असतात. मालकाला फायनान्स कंपनीचं एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ती उतरवायला सांगा. 'तुम्ही घ्या, मग उतरवू' हे चालणार नाही. राज्याच्या ई-चलानच्या संकेतस्थळावर दंड बघा. चोरीची शंका असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय'मध्ये इंजिन-चेसिस नंबर टाकून बघता येतं. आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेली हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, बसलीय का ते विचारा, नसेल तर तो खर्च आणि चकरा तुमच्या.

काय घ्यायचं हेही आधी ठरवा. १ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांत १२५ सीसीच्या वर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारे) आणि १२५ पर्यंत सीबीएस (दोन्ही चाकांना एकत्र लागणारे) ब्रेक आहेत. बजेटमध्ये बसत असेल तर तेवढं पुढचं मॉडेल घ्या. माझं बजेट पन्नास हजार होतं, त्यात विमा, टीटी आणि पहिली दुरुस्ती धरून. म्हणजे गाडी चाळीसच्या आत.

पहिली बघितली ती सांगलीत, आरएक्स १००. मान्य, शहाणपण नव्हतं. यामाहाची ती गाडी १९८५ ते १९९६ एवढीच निघाली, अठ्ठ्याण्णव सीसीची टू-स्ट्रोक, वजनाला हलकी, आणि आमच्या कॉलेजच्या दिवसांत तिच्या आवाजाला मान वळायचीच. लाल रंग, क्रोम चकाचक. माझे मिस्त्री बरोबर होते. त्यांनी किक मारली, धूर बघितला, मागच्या मडगार्डखाली हात घातला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, ही गाडी न्हवं. ही दुसरी फियाट हाय." परत येताना मिरजेपर्यंत आम्ही कोणीच काही बोललो नाही.

म्हणून हे लक्षात ठेवा: अर्धवट गाडी विकून आलेला माणूस लगेच दुसऱ्या अर्धवट गाडीच्या प्रेमात पडायला अगदी तयार असतो. पार्ट गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात का, एवढा एकच प्रश्न विचारा.

पुराचं पाणी

कोल्हापूर-सांगलीकडे गाडी घेत असाल तर हे सगळ्यात महत्त्वाचं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळेला पंचगंगा शहरात शिरली. हजारो दुचाक्या पाण्याखाली होत्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन, तेल बदलून, अजूनही विकल्या जातात, इकडेच असं नाही, दूरच्या गावांतही. मी मालकाला सरळ विचारते, "पुरात गाडी कुठं होती?" कोल्हापुरात ह्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाला तोंडपाठ असतं. जो आठवायला लागतो, तो काहीतरी बनवतोय.

दुसरी बघितलेली पल्सर शाहूपुरीतली होती. चकचकीत. तिची सीट काढली, तर टूलच्या खणाच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ, भाकरीच्या पिठासारखा मऊ. हेडलाइट उघडून बघितला, तर आत पाणी जिथवर आलं होतं तिथं तपकिरी रेघ. वायरिंगच्या कपलरमधल्या पिना हिरव्या पडलेल्या. स्पीडोमीटरच्या काचेत आतून धुकं. इंजिन मस्त चालत होतं. पण पुराच्या गाडीचं इंजिन सगळ्यात शेवटी दगा देतं, त्याआधी वायरिंग, मेन स्विच, चाकांची बेअरिंगं आणि टाकी एकेक करून दम काढतात. ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढा, आत दुधाळ साय दिसली तर पाणी शिरलंय.

गाडी समोर उभी असताना

तिसरी गोकुळ शिरगावची. २०१४ ची होंडा युनिकॉर्न १५०, एकेचाळीस हजार किलोमीटर. मालक एमआयडीसीत कामाला. मी मेसेजवर लिहिलं होतं, 'उद्या सकाळी सातला गाडी बघायला येतो.' आम्ही कोल्हापूरच्या बायका येतो-जातोच म्हणतो. त्यामुळे दारात बाई बघून ते गडबडले आणि माझ्या मागे बघत म्हणाले, "साहेब गाडी लावाय गेलेत का?" साहेब घरी झोपले होते. मी इंजिनला हात लावला. थंडगार. तिथंच त्यांना निम्मे मार्क दिले.

सकाळी लवकर जायचं ते यासाठीच. गरम इंजिन कुठलंही सुरू होतं. आधी सांगून ठेवा, 'मी येईपर्यंत स्टार्ट करू नका.' मग चोक ओढून किकनं आणि सेल्फनं, दोन्हीनं सुरू करून बघा. सुरुवातीचा पांढुरका वाफेचा धूर थंडीत चालतो, मिनिटा-दोन मिनिटांत थांबायला हवा. थांबलाच नाही आणि निळसर दिसला तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचं सील. काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय, तो बहुतेक कार्बोरेटरचा किंवा एअर फिल्टरचा मामला, स्वस्तात निपटतो. टॅपेटची टकटक एका लयीत असते, ती सेटिंगनं जाते. सैल टायमिंग चेनची खरखर वेगळी, तिचे पैसे किमतीतून वजा करा.

आता गाडी पडलीय का. हँडल एका बाजूला पूर्ण वळवा आणि हँडलखालच्या गळ्याजवळ चेसिसला जो लोखंडी ठोकळा असतो, त्याला हँडल अडतं, तो बघा. पुढून जोरात धडक बसली असेल तर तो चेपलेला असतो किंवा त्याच्यावर नवा रंग असतो. टाकी बदलता येते, मडगार्ड बदलता येतं, पण हा ठोकळा बदलायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. चेसिस नंबरही तिथंच गळ्याजवळ कोरलेला, तो आरसीशी आकडान् आकडा जुळवा. मग पाच पावलं मागे जाऊन उकिडवं बसा आणि दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा. ब्रेक-क्लचच्या दांड्यांची टोकं, फुटरेस्टची टोकं, इंजिनच्या कव्हरच्या बाजू, हे सगळं एकाच बाजूला घासलं असेल तर ती उभ्या-उभ्या पडलीय, हरकत नाही. दोन्ही बाजूंना खोल घासलं असेल तर गोष्ट मोठी आहे.

मेन स्टँडला लावून पुढचं चाक उचला, हँडल हळूहळू फिरवा. मधोमध खट्कन अडतं? कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे ढकला, गळ्यात टक्क वाजलं तरी तेच. पुढच्या चाकाच्या फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर बोट फिरवा, तेलकट आलं तर सील. मागच्या चाकावरची चेन स्प्रॉकेटपासून मागे ओढून बघा, दात निम्मे दिसले किंवा दातांना बाक आलाय, तर पूर्ण चेनसेट. टायरवर चार आकडे असतात: ३४१९ म्हणजे २०१९ चा चौतिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा रबर पावसात माझ्या विश्वासाचा नाही.

किलोमीटरच्या आकड्यावर जास्त विसंबू नका. केबल काढून ठेवणं दोन मिनिटांचं काम. मागच्या ब्रेकच्या पेडलचं रबर, गिअरच्या दांडीचं रबर, हँडलच्या ग्रिप, सीटचा पुढचा कोपरा, हे एकत्र बघा. पंधरा हजार चाललेल्या गाडीचं पेडल आरशासारखं गुळगुळीत होत नाही. युनिकॉर्नच्या पेडलवर एकेचाळीस हजार बरोबर शोभत होते, आणि मालकाकडे सर्व्हिसच्या पावत्या रबरबँडात बांधून ठेवलेल्या होत्या.

फेरी मारायला जाताना विमा चालू असल्याची खात्री करा आणि स्वतःची काहीतरी वस्तू ठेवून जा. मी स्कूटरची चावी ठेवली. गल्लीतली फेरी कामाची नाही, चढ हवा. मी मालकांना मागे बसवून पुईखडीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढले. इंजिनचा आवाज वाढतोय आणि गाडी मात्र तिथंच, असं झालं तर क्लचप्लेट संपल्यात. उतरताना नुसत्या इंजिनवर उतरवा, मग ॲक्सिलरेटर एकदम उघडा आणि आरशात निळा धूर येतो का बघा. रिकाम्या सरळ रस्त्यावर हँडल ढिलं धरा, एका बाजूला ओढत असेल तर कळतं. परत आल्यावर बंद करू नका, दोन मिनिटं तशीच चालू ठेवा. आयडलिंग चढ-उतार न होता राहिलं पाहिजे आणि खाली थेंब पडायला नको.

सौदा

भाव करताना 'काय फायनल?' असं विचारू नका. कागदावर लिहा. माझा कागद असा: मागचा टायर, चेनसेट, पुढचे ब्रेकपॅड, एचएसआरपी. दुकानातून आधी आणलेले दर समोर. मालकांनी बेचाळीस सांगितले होते. त्यांनी कागद वाचला, आत जाऊन वहिनींशी बोलले, अडतीसवर आले. हजार रुपये इसार दिला, बाकीचे बँकेतून, आणि तीन हजार टीटी होईपर्यंत माझ्याकडे ठेवायचे ठरले. ते विक्रीपत्रातच लिहिलं. फियाट विकताना गडहिंग्लजच्या पोरानं माझेही असेच राखून ठेवले होते, तेव्हा मला राग आला होता.

विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या दुचाकीला सुरुवातीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असतो, तो शिल्लक असेल तर चांगलंच. पण विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची सवलत, त्याच्याबरोबर जातो, तो आपल्याला मिळत नाही.

घरी आणल्यावर ऑइल, एअर फिल्टर, प्लग, क्लच-ॲक्सिलरेटरच्या केबली आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या, न विचारता बदलून टाका. साडेपाच हजारांत सगळं झालं, चेनसेट धरून. मालक 'आत्ताच बदललंय' म्हणाले होते ते ऑइल काळंभोर निघालं. असो, तेवढं एक खोटं माणसाला परवडतं.

मार्चमध्ये माळा झाडताना पारले बिस्किटाच्या एका डब्यात फियाटच्या डाव्या मागच्या दाराचं काच फिरवायचं हँडल सापडलं. चिठ्ठीसुद्धा होती, माझ्याच अक्षरातली: 'डा. मागचं, जुनं, चांगलं.' रविवारी ते पिशवीत टाकून निपाणीवरून गडहिंग्लजला गेले, मोटरसायकलचा पहिला लांबचा पल्ला. फियाटच्या तळाचा पत्रा पूर्ण नवा बसला होता. गाडी अजून प्रायमरमध्येच होती, आणि तिच्या शेजारी दुसरी एक पद्मिनी येऊन उभी राहिली होती, सुटे भाग काढायला म्हणून घेतलेली. "तिला अजून उघडली नाही," तो म्हणाला, "पण थोडंच काम हाय, मॅडम. तीबी चालू हुईल असं वाटतंय."